जवस (अळशी): रानातले पीक, ताटातली चटणी आणि तुमची गोळी

सोलापुरात ओपीडीत बसलो की हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच : "डॉक्टर, आता रोज जवस खातोय. कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली तर चालेल ना?" विचारणारे बरे म्हणायचे. काही जण आधी गोळी बंद करतात आणि मग सांगतात. मागच्या थंडीत जवळच्या गावातले एक शेतकरी काका असेच आले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. मोबाइलवर आलेला एक व्हिडिओ पाहून त्यांनी स्टॅटिनची गोळी थांबवली आणि सकाळी उपाशीपोटी दोन चमचे अख्खा जवस पाण्याबरोबर गिळायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी रक्त तपासले तेव्हा एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, दुपटीच्या आसपास गेले होते.

"पण डॉक्टर, जवस तर आपल्याच रानातला. आमचे वडील ज्वारीत त्याचे पाटे टाकायचे. त्यानं काय वाईट होणार?"

जवसाने वाईट झालेच नव्हते. गोळी थांबवल्याने झाले होते. शिवाय अख्खा गिळलेला जवस बहुतेक तसाच शौचावाटे बाहेर पडत होता, त्यामुळे जवसाचा फायदाही मिळत नव्हता. काकांना हे पटवताना लक्षात आले, की हे पीक कुठून आले, कशासाठी पिकवले गेले आणि त्याच्या तेलात असे काय आहे, हे कळले की खायचे कसे आणि कुणी जपून खायचे, तेही आपोआप कळते. म्हणून हा लेख थोडा रानातून सुरू करतो.

आधी नावांचा घोळ

जवस, अळशी आणि दुकानातल्या पाकिटावरचे 'फ्लॅक्स सीड' हे तिन्ही एकच. सोलापूर तीन भाषांचे शहर आहे, त्यामुळे इथे आणखी दोन नावे ऐकू येतात : कानडी घरात अगसे किंवा अगशी, आणि तेलुगू घरात अविसे. हे सगळे एकाच झाडाचे बी. शास्त्रीय नाव लिनम युसिटॅटिसिमम. लिनियसने १७५३ साली दिलेल्या या नावाचा अर्थ 'अतिशय उपयोगी लिनम' असा आहे.

अळीव (हळीव) मात्र वेगळे. बाळंतिणीला ज्याचे लाडू देतात ते अळीव, आणि अळशी म्हणजे जवस. नावे जवळची असल्याने फार घोटाळा होतो. "आईने अळशीचे लाडू पाठवलेत" असे सांगणाऱ्या मुलीच्या डब्यात अळिवाचे लाडू निघालेले मी पाहिले आहेत. अळिवाचे दाणे तांबूस आणि बारीक असतात. जवसाचा दाणा चपटा, गुळगुळीत, तपकिरी आणि चकचकीत असतो, मुठीत धरला तर बोटांतून निसटतो. सब्जा तर तिसराच.

पीक किती जुने?

पश्चिम आशियात ज्या पट्ट्यात माणसाने गहू, जव, मसूर पहिल्यांदा पेरले, तिथेच जवसही लागवडीखाली आला. त्याला नऊ हजार वर्षे तरी झाली. सुरुवातीपासून या झाडाचे दोन उपयोग. खोडातल्या धाग्यापासून कापड आणि बियांपासून तेल. इजिप्तमधल्या ममी ज्या कापडात गुंडाळलेल्या आहेत ते जवसाच्या धाग्याचे, म्हणजे लिननचे. आज लग्नाला आपण लिननचा शर्ट शिवतो तोही याच झाडाचा, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

आपल्याकडेही हे पीक काल-परवाचे नाही. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना नर्मदाकाठच्या नावडातोली इथल्या उत्खननात जवसाचे दाणे मिळाले, आणि पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीला तांब्याच्या मण्यांबरोबर जवसाच्या तंतूचा दोरा मिळाला. ही ठिकाणे तीन हजार वर्षांहून जुनी आहेत. संस्कृतात जवसाला अतसी, उमा, क्षुमा अशी नावे आहेत आणि क्षुमेच्या धाग्याचे वस्त्र ते क्षौम. कृष्णाच्या सावळ्या-निळ्या वर्णाला अतसीच्या फुलाची उपमा स्तोत्रांमध्ये येते. पंढरपूरच्या वाटेवरचे रान डिसेंबरात पाहिले असेल तर ती उपमा का सुचली असेल हे कळते.

पुढे मात्र धागा आणि बी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. धाग्यासाठी उंच, कमी फांद्यांचे झाड लागते आणि थंड, ओलसर हवा लागते. खोड पाण्यात कुजवून धागा सोडवावा लागतो. आपल्या कोरड्या हवेला ते जमणारे नव्हते, आणि कापडासाठी कापूस होताच. म्हणून भारतात बुटका, भरपूर फांद्यांचा, बियांसाठीचा जवस टिकला.

सोलापूरच्या काळ्या रानात

सोलापूर जिल्हा रब्बीचा. पाऊस कमी आणि बेभरवशाचा, पण काळी जमीन खोल. परतीच्या पावसाचे पाणी ती धरून ठेवते आणि पुढचे चार महिने पीक त्याच ओलीवर वाढते. कोरडवाहू शेतीचा अभ्यास करण्यासाठी १९३३ साली सोलापुरात संशोधन केंद्र सुरू झाले, ते याच कारणाने. ज्वारी, हरभरा, करडई आणि जवस ही या ओलीवर जगणारी मंडळी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, करडईचे नाव झाले, जवस मात्र कायम कडेला राहिला. अगदी शब्दशः कडेला. ज्वारीत किंवा हरभऱ्यात चार-दोन ओळी, नाहीतर बांधाच्या कडेने. घरापुरती चटणी, थोडे तेल आणि म्हशीला पेंड, एवढ्यासाठी.

पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, वाफसा बघून. निव्वळ जवस करायचा तर हेक्टरी साधारण २५ किलो बी, दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर. दाणा बारीक आणि निसरडा असल्यामुळे चाड्यातून भसकन सुटतो, म्हणून त्यात बारीक माती किंवा चाळलेले शेणखत मिसळून पेरतात, आणि खोल टाकत नाहीत. दोन-तीन सेंटिमीटरच्या खाली गेलेला दाणा उगवायला अडतो.

डिसेंबरात, वेळा अमावस्येच्या सुमारास आपण रानात जेवायला जातो तेव्हा जवस फुलावर असतो. फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. उशिरा पोचलेल्यांना निळे रान दिसतच नाही. फुलानंतर वाटाण्याएवढी गोल बोंडे धरतात. एका बोंडात जास्तीत जास्त दहा दाणे. कळ्यांत अंडी घालणारी एक बारीक माशी, पानांवरची भुरी, करपा आणि मर हे त्याचे नेहमीचे शत्रू. पेरणी उशिरा झाली की माशीचा त्रास वाढतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडे तपकिरी होऊन हलवल्यावर खुळखुळ वाजायला लागली, की कापणी. मग खळ्यावर वाळवायचे, काठीने बडवायचे, उफणायचे. शंभर ते एकशेवीस दिवसांचे पीक.

विदर्भात जवस जास्त. भंडारा, गोंदियाकडे उभ्या धानात कापणीच्या आधी जवस फेकतात. उतेरा म्हणतात त्याला. नांगरट नाही, पाणी नाही, धानाखालच्या ओलीवरच पीक निघते. तिकडे जवसाचे तेल स्वयंपाकातही वापरतात. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन चालते, लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रानेही वाण दिले आहेत.

तेल होते रंगाच्या डब्यासाठी

एकोणिसाव्या शतकात या पिकाचे नशीब पालटले, पण ते खाण्यामुळे नव्हे. जवसाच्या तेलाचा एक गुण असा, की ते हवेत उघडे ठेवले की सुकते. पाण्यासारखे उडून जात नाही, तर हवेतला प्राणवायू ओढून घट्ट, चिवट पापुद्रा बनवते. शेंगदाण्याचे तेल वर्षभर सांडून ठेवले तरी चिकटच राहील, जवसाचे काही दिवसांत कातड्यासारखे होईल. तैलरंग, वार्निश, छपाईची शाई याच गुणावर उभे राहिले. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये याच सुकलेल्या तेलापासून लिनोलियम नावाची फरशीवरची चादर तयार झाली. युरोपला जवस हवा झाला आणि तो मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून, मुंबई बंदरातून जाऊ लागला. वऱ्हाड, मध्य प्रांत आणि दख्खनचा जवस बैलगाड्यांतून आणि नव्या रेल्वेने बंदराकडे निघाला. सोलापुरात रेल्वे १८६० साली पोचली.

विसाव्या शतकात अर्जेंटिनाचा जवस स्पर्धेत आला, मग कृत्रिम रेझिनचे रंग आले, आणि ती मागणी ओसरली. इकडे उजनीचे पाणी आले तिथे ऊस गेला. विदर्भात सोयाबीन आले. एकरी उतारा कमी, भाव अनिश्चित, बडवायला माणसे मिळत नाहीत, मग जवस कोण लावणार? कडेच्या ओळी पहिल्यांदा गेल्या. एका पिढीत जवस रानातून आणि बऱ्याच घरांतल्या डब्यांतूनही गेला, आणि मग तोच 'सुपरफूड' म्हणून पाकिटातून परत आला. मला याची थोडी गंमत वाटते, थोडे वाईटही. कारण पाकीट आले, पण त्याबरोबर भाजायची-कुटायची रीत आली नाही.

त्याच गुणाचा शरीराला काय उपयोग?

तेल सुकवणारा जो घटक आहे, तोच आरोग्याच्या चर्चेतला ओमेगा-३. त्याचे नाव अल्फा लिनोलेनिक आम्ल, आणि हे नावही लिनम या झाडाच्या नावावरूनच आलेले. जवसाच्या दाण्यात सुमारे ४० टक्के तेल असते आणि त्या तेलात निम्म्याच्या आसपास हे आम्ल. आपल्या नेहमीच्या खाण्यात, विशेषतः शाकाहारी घरात, इतके ओमेगा-३ देणारा दुसरा स्वस्त पदार्थ क्वचितच असेल. एक मोठा चमचा (सुमारे ७ ग्रॅम) जवसाच्या पुडीतून दीड ग्रॅमच्या आसपास मिळते, म्हणजे मोठ्या माणसाची दिवसाची गरज जवळजवळ भागते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. माशांतले ओमेगा-३ आणि जवसातले ओमेगा-३ एक नव्हे. शरीराला जवसातल्या आम्लाचे रूपांतर माशातल्या प्रकारात करावे लागते आणि ते फार थोडे होते. म्हणून 'जवस म्हणजे शाकाहारी फिश ऑइल' ही जाहिरात अर्धीच खरी.

दुसरा घटक तंतू. दाण्यात चौथा हिस्सा तंतुमय भाग आहे, त्यातला काही पाण्यात बुळबुळीत होणारा. बद्धकोष्ठाला तो उपयोगी, आणि आतड्यात पित्ताला धरून थोडे कोलेस्टेरॉल बाहेर काढतो. तिसरा घटक लिग्नॅन. आतड्यातले जंतू त्यापासून इस्ट्रोजेनशी अगदी सौम्य साम्य असलेली द्रव्ये बनवतात.

आता आकड्यांचे. दळलेला जवस रोज खाल्ल्याने एलडीएल कमी होते, पण सरासरी काही मिलिग्रॅमच, दहाच्या आत. स्टॅटिनची गोळी डोसनुसार ते ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणते. स्टेंट बसवलेल्या माणसाला या दोन गोष्टी एकमेकींच्या जागी कशा वापरता येतील? रक्तदाबाबाबत २०१३ साली कॅनडातून एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांपैकी काहींना सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेला जवस दिला, तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब इतरांपेक्षा सुमारे १० अंकांनी कमी राहिला. व्हिडिओत हाच अभ्यास दाखवतात. सांगत नाहीत ते हे, की त्यातल्या बहुतेकांची औषधे चालूच होती, आणि इतर अभ्यास एकत्र पाहिले तर फरक याहून बराच लहान दिसतो. साखरेवरचा परिणाम छोटा आहे आणि सगळ्या अभ्यासांत सारखा नाही.

थोडक्यात, औषधाच्या जोडीला जवस चालेल, औषधाच्या जागी नाही. काकांची गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. जवस बंद करायला सांगितला नाही, फक्त खायची पद्धत बदलली.

भाजून, दळून, आणि पाण्याबरोबर

आपल्या आज्या जवस तव्यावर तडतडेपर्यंत भाजायच्या, उखळात कुटायच्या, तिखट-लसूण-मीठ घालायच्या आणि ती चटणी भाकरीवर घ्यायच्या. या प्रत्येक पायरीला कारण आहे.

भाजणे कशाला? कच्च्या जवसात अशी काही द्रव्ये असतात, की दाणा कच्चा दळून ओला झाला की त्यांतून अत्यल्प प्रमाणात सायनाइड सुटते. घाबरू नका. एक-दोन चमच्यांतले हे प्रमाण निरोगी शरीर सहज निकामी करते. पण 'जितका जास्त तितका चांगला' म्हणून कच्च्या जवसाची वाटीभर पूड स्मूदीत घालणे चुकीचे आहे. भाजल्याने ही द्रव्ये कमी होतात, आणि मध्यम आचेवर थोडा वेळ भाजल्याने ओमेगा-३ फारसे घटत नाही. करपवू मात्र नका.

दळणे कशाला? दाण्याचे साल इतके टणक, की न चावता गिळलेला दाणा पोटातून तसाच निघून जातो. तंतूचा थोडा उपयोग होईल, ओमेगा-३ मिळणार नाही. मिक्सर थांबत-थांबत फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो.

साठवणे. तेल सुकवणारा तोच गुण इथे आडवा येतो. दळलेल्या जवसाला हवा, ऊन आणि उष्णता लागली की तेल खवट होते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, बेचाळीस अंशांत, ओट्यावरची पूड लवकर बिघडते. अख्खा दाणा महिनोन् महिने टिकतो, म्हणून दाणा ठेवा आणि आठ-दहा दिवसांपुरतीच पूड करून घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. ताज्या पुडीला खमंग वास येतो. तैलरंगासारखा वास आला किंवा चव कडू लागली तर फेकून द्या. याच कारणाने जवसाच्या खाद्यतेलाची फोडणी देऊ नये, थोड्याच उष्णतेत ते धुरावते. गरम भाजीवर वरून घ्यावे.

तेल लवकर खराब होऊ नये म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने टीएल-९९ हा जवसाचा वाण विकसित केला. त्याच्या तेलात लिनोलेनिक आम्ल मुद्दाम फार कमी ठेवले आहे. स्वयंपाकाला ते तेल चांगले, पण ओमेगा-३साठी जवस खाणाऱ्याने ते घेऊन उपयोग नाही.

किती खायचा? बहुतेकांना रोज एक ते दोन मोठे चमचे पूड पुरे. अर्ध्या चमच्याने सुरुवात करून दोन आठवड्यांत वाढवा, नाहीतर पोट फुगते आणि वात होतो. चमच्यामागे पेलाभर पाणी हवेच. उन्हाळ्यात कमी पाणी पिणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना कोरडा जवस देऊ नका. बुळबुळीत तंतू पाण्याशिवाय आतड्यात घट्ट बसतो आणि बद्धकोष्ठ सुटायच्या ऐवजी वाढते. क्वचित आतडे तुंबल्याचीही उदाहरणे आहेत.

रक्तदाबाच्या रुग्णांसाठी एक सूचना, जी व्हिडिओत कधीच नसते. चटणीत मीठ असते. जवसाने कमावायचे आणि मिठाने घालवायचे असे होते. दिवसभराचे एकूण मीठ एका लहान चमच्याच्या, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत ठेवायचे असते. घरच्यांची चटणी नेहमीसारखी करा आणि रुग्णासाठी बिनमिठाची पूड वेगळी काढा. ती पिठल्यात, दह्यात, पालेभाजीत चालते. ज्वारीच्या पिठात मिसळून भाकरी केली तर कळतही नाही. काका आता तसेच खातात. काकूंची तक्रार एवढीच, की भाकरी थोडी चिरते.

कुणी विचारून खावा?

ताटातल्या चमचाभर चटणीसाठी कुणाला चिठ्ठी लागत नाही. रोज नेमाने चमचे मोजून खाणार असाल, किंवा कॅप्सूल, तेल घेणार असाल, तर खालच्यांनी आधी सांगावे.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, विशेषतः वॉरफरिन किंवा अॅसिनोकुमेरॉल, तर जवस सुरू करताना किंवा अचानक बंद करताना डॉक्टरांना कळवा, म्हणजे आयएनआर तपासता येईल. ऑपरेशन ठरले असेल तर भूलतज्ज्ञांनाही सांगा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबरच घ्या, जवस त्यानंतर बऱ्याच वेळाने, नाश्त्याला किंवा जेवणात. तंतू गोळीला शोषू देत नाही. इतर गोळ्यांपासूनही एक-दोन तासांचे अंतर ठेवलेले बरे. आतडे अरुंद झालेले, पोटाचे मोठे ऑपरेशन झालेले, गिळायला त्रास होणारे (पक्षाघातानंतरचे रुग्ण यात येतात) यांनी जवस टाळावा. किडनीच्या रुग्णांनी आहारतज्ज्ञांना विचारावे, कारण बियांत फॉस्फरस आणि पोटॅशियम बरेच असते. गरोदरपणात भाकरीबरोबरची चटणी चालते, कॅप्सूल आणि चमचे मोजून घेणे नको. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या ताई लिग्नॅनबद्दल वाचून घाबरतात. जेवणातल्या प्रमाणाने अपाय होतो असे अभ्यासांत दिसलेले नाही, तरी रोजचा जवस सुरू करण्याआधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांशी बोला.

जवसाची अॅलर्जी दुर्मीळ आहे, पण असते. खाल्ल्यावर अंगावर गांधी, ओठ सुजणे, श्वास लागणे असे झाले तर घरी वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

रंगाच्या दुकानातले तेल आणि जवसाचे पोटीस

हार्डवेअरच्या दुकानात 'अळशीचे तेल' मिळते. मुले क्रिकेटच्या बॅटला लावतात, रंगारी रंगात मिसळतात. ते स्वस्त असते म्हणून खाण्यासाठी आणलेले मी एकदा पाहिले आहे. ते पिऊ नका, स्वयंपाकात घालू नका. 'बॉइल्ड' लिहिलेल्या तेलात लवकर सुकावे म्हणून कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घातलेले असतात. खायचे तेल फक्त खाद्यतेल म्हणून विकलेले, बाटलीवर परवाना क्रमांक आणि तारीख असलेले, किंवा तुमच्या डोळ्यांसमोर लाकडी घाण्यावर काढलेले. बॅट पुसलेले तेलकट फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना हे तेल गरम होते आणि फडक्याच्या बोळ्याला आपोआप आग लागू शकते. पसरून वाळवा, मग टाका.

पोटीस ही जुनी गोष्ट. जवसाची पूड गरम पाण्यात शिजवून फडक्यात बांधायची आणि गळवावर किंवा छातीवर शेकायची. जवस उष्णता बराच वेळ धरून ठेवतो, म्हणून ते चालायचे. पण मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असते. पोटीस किती गरम आहे हे त्या पायाला कळतच नाही. घरच्यांनी प्रेमाने बांधलेल्या पोटिसाने तळव्याला भाजून, पुढे जखम चिघळून आलेले रुग्ण मी पाहिले आहेत आणि त्यातल्या एकाचे बोट वाचवता आले नाही. मधुमेह असलेल्याच्या पायावर पोटीस, गरम पाण्याची पिशवी, शेकोटी, काहीही नको. चुकून भाजलेच तर फोड फोडू नका, त्यावर हळद, टूथपेस्ट किंवा तेल लावू नका. नळाच्या साध्या पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटे पाय धरा, कोरड्या स्वच्छ कापडाने सैलसर झाका आणि त्याच दिवशी दाखवायला या, दुखत नसले तरी.